रिटर्न पंप, वेव्हमेकर आणि पुण्याचा उन्हाळा : रीफ टाकीच्या दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, १३ एप्रिल २०२५

माझ्या रीफ टाकीत, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या कोरल-टाकीत, डाव्या मागच्या कोपऱ्यातलं ग्रीन स्टार पॉलिप हे मऊ कोरल (प्रवाळ) निम्मंच उघडतंय. जांभळी साय दिसते, वरचे हिरवे तुरे नाहीत. त्याच बाजूला दगडामागे वाळूवर तपकिरी गाळ बसलाय आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पाण्यावर तेलकट तवंग दिसतो. क्षारता, नायट्रेट, खारटपणा तपासून झालं, सगळं नेहमीचंच. म्हणजे पाण्यात काही बिघडलेलं नाही, पाणी फिरत नाहीये.

पुढचे आकडे समजावेत म्हणून टाकीची माहिती इथेच लिहून ठेवते. मुख्य टाकी १२० × ४५ × ५० सेंमी, खाली कपाटात ७५ × ४० × ४० चा संप, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोतून जिथे उतरतं ती खालची टाकी. दगड-वाळू वजा करता एकूण पाणी ३०० लिटरच्या आसपास. ते पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप २४ व्होल्ट डीसी, संपच्या शेवटच्या कप्प्यात बुडवलेला. टाकीतल्या टाकीत पाणी फिरवणारे दोन वेव्हमेकर, डावीकडचा जुना एसी, उजवीकडचा डीसी. कोरल सगळे मऊ : झोआंथस, मशरूम, लेदर, स्टार पॉलिप. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे तो विषयच नाही, दुकानदार काहीही म्हणो. मऊ कोरलना एसपीएससारखा (बारीक पॉलिपांच्या दगडी प्रवाळांसारखा) सोसाट्याचा प्रवाह लागत नाही हे खरं, पण साचलेलं पाणी त्यांनाही चालत नाही. लेदर कोरल अंगावरची मेणचट कात टाकतो तेव्हा ती वाहून नेणारा प्रवाह मिळाला नाही, तर तो खालून सडायला लागतो.

पंपाच्या खोक्यावर ताशी ६००० लिटर छापलंय. तो आकडा शून्य हेडचा, म्हणजे पंपाने पाणी अजिबात वर चढवायचं नाही असं धरून. माझ्याकडे संपच्या पाण्यापासून वरच्या नोझलपर्यंत सव्वा मीटर चढ, दोन एल्बो, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) आणि २५ मिमी आतल्या व्यासाची लवचीक नळी. टाकी लावली तेव्हा मोजून वहीत लिहिलं होतं : कंट्रोलर सातव्या पायरीवर, ५ लिटरचं भांडं ८ सेकंदांत भरलं, ताशी २२५० लिटर. वीज ३८ वॅट.

आज तीच पायरी, तेच भांडं : १३ सेकंद. ताशी १३८५ लिटर. वीज २९ वॅट.

मोजताना भांडं नोझलच्या उंचीलाच धरायचं. खाली जमिनीवर बादली ठेवून नळी सोडली तर हेड कमी होतं आणि पंप उगाच तरुण दिसतो. शिवाय रिटर्नच्या कप्प्यात पंधरा-सोळा लिटरच पाणी असतं, दहा लिटरची बादली भरायला गेलं तर अर्ध्यातच पंप हवा धरतो. म्हणून पाच लिटर.

वॅटचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा रस्ता अडला की तो कमी पाणी ढकलतो, म्हणून कमी वीज खातो. आत शाफ्ट घासत असेल, रोटरवर थर चढला असेल, तर उलट : पाणी कमी आणि वीज जास्त. माझ्याकडे दोन्ही खाली आलंय. याचा अर्थ मोटर ठीक आहे, अडलंय पाण्याच्या वाटेत. भिंतीतल्या प्लगला लावायचा साधा वॅटमीटर कुठल्याही टेस्ट किटइतकाच गरजेचा आहे, पण हौशी माणसं पाचशे रुपयांचा मीटर घेत नाहीत आणि पाच हजारांचा पंप बदलतात.

सोमवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. सकाळीच पंप बाहेर काढला.

जाळीच्या फटींत पिवळट स्पंज आणि पांढऱ्या वेटोळ्यांचे नळीकिडे. दोघेही गाळून खाणारे, त्यांना अंधार आणि सतत वाहतं पाणी हवं असतं, आणि पंपाच्या तोंडाशी दोन्ही बसल्याजागी मिळतं. जाळी जुन्या टूथब्रशने घासली. त्यातले बरेच नळीकिडे नखाने खरवडावे लागले, ब्रशला ते दाद देत नाहीत.

झाकण पाव फेरा फिरवून उघडलं. इम्पेलर चुंबकाच्या ओढीमुळे चिकटून बसतो, तिरका ओढला तर सिरॅमिकचा शाफ्ट तडकतो. सरळ, सावकाश. शाफ्टवरून नख फिरवलं तर बारीक खरखर लागली : कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर. रोटरच्या बाजूंनाही पांढरं. चुंबकाचं आवरण शाबूत आहे हे भिंगातून पाहिलं. आवरणाला चीर गेली की खारं पाणी आत शिरतं, चुंबक गंजून फुगतो आणि रोटर आपल्याच खोबणीत घासायला लागतो. तपकिरी ठिपका किंवा फोड दिसला तर तो रोटर धुऊन-पुसून परत लावण्यात अर्थ नाही, कारण गंजाबरोबर धातूही पाण्यात उतरतात. माझा काळाभोर आणि गुळगुळीत आहे.

थर काढायला लिंबूफूल (सायट्रिक आम्ल), एक लिटर कोमट पाण्यात मूठभर. टाकल्याबरोबर फसफस सुरू झाली. तासाभराने फसफस थांबली, पण भांड्याच्या तळाशी नवीनच पांढरी भुकटी जमली होती. ती सुटून पडलेला थर नव्हे, कॅल्शियम सायट्रेट आहे. ते पाण्यात फार कमी विरघळतं, आणि पाणी जितकं गरम तितकं कमी. थर जाड असेल तर ही भुकटी त्यावरच बसते आणि आम्ल आत पोचत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीला साधं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. त्यातून होणारं कॅल्शियम ॲसिटेट विरघळून जातं. शाफ्ट काचेसारखा स्वच्छ निघाला. साध्या पाण्यात तासभर चालवून मग संपमध्ये सोडला.

मोजलं : साडेदहा सेकंद, ताशी सुमारे १७१४ लिटर, ३२ वॅट. सुधारलं, पण वहीतल्या आकड्यापासून अजून लांब. पंप आता कोरा आहे, म्हणजे उरलेली अडचण नळीत.

गुरुवार, १७ एप्रिल

देखभालीसाठी सकाळपासून वीज बंद. पुण्यात राहायचं तर गुरुवार धरूनच चालायचं, नळालाही आणि दिव्यालाही.

वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतंच. किती उतरावं हे नोझलखालच्या छोट्या भोकावर ठरतं : पाण्याची पातळी भोकाशी आली की नळीत हवा शिरते आणि सायफन तुटतो. वरच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर, तेच संपमध्ये १.८ सेंटिमीटर चढतं. संपच्या काचेवर मी मार्करने दोन रेघा मारल्या आहेत, चालू पंपाची आणि बंद पंपाची. आज पाणी वरच्या रेघेच्याही चार बोटं वर गेलं. सायफन भोकाशी तुटलाच नाही, थेट नोझल उघडं पडेपर्यंत पाणी उतरत राहिलं. भोकात शेवाळाचा बोळा होता, टाचणीने काढला.

संपमध्ये जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, त्यामुळे जमीन कोरडी राहिली. पण वीज आली तेव्हा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण वेगळी काढणारं यंत्र) नेहमीपेक्षा खोल पाण्यात उभा होता, त्याने सुरू होताक्षणी फेस वर फेकला आणि कप भरून तपकिरी घाण परत संपमध्ये ओतली. वास दिवसभर हॉलमध्ये.

प्रश्न नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. तो नीट असता तर भोक बुजलेलं असूनही पाणी उतरलं नसतं. म्हणजे तो मिटत नाहीये. आणि जो मिटत नाही तो पूर्ण उघडत असेल याचीही खात्री नाही.

आणखी एक : वीज आल्यावर डावीकडचा एसी वेव्हमेकर नुसता गुणगुणत बसला, फिरला नाही. बोटाने टिचकी मारल्यावर सुरू झाला. त्याच्याकडे नंतर बघते.

रविवार, २० एप्रिल

युनियन (नळीचा आटेदार जोड) सोडवून पूर्ण नळी खाली काढली. व्हॉल्व्हची पापडी अर्ध्यावर अडकलेली, बिजागरीशी नळीकिड्यांची वसाहत. जाताना वाट अडवायची आणि येताना सोडून द्यायची, असा दुहेरी कारभार. दुकानात नवीन मिळतो, पण लावणार नाही. समुद्राच्या पाण्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कधी ना कधी अडकतोच, आणि तो आहे म्हणून माणूस संप काठोकाठ भरून ठेवतो. मोकळी जागा आणि सायफनचं भोक, यात हलणारा भाग एकही नाही. भोक आता एकाऐवजी दोन, दर रविवारी टाचणी.

नळीच्या आत सगळीकडून तीनेक मिलिमीटर जाडीचा थर होता. ऐकायला किरकोळ. पण २५ मिमीची वाट १९ मिमी होते, आणि तेवढाच प्रवाह ढकलायचा तर घर्षण जवळपास व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं : २५ भागिले १९, त्याचा पाचवा घात, जवळजवळ चौपट. पंप साफ करून मी ज्याच्यावर खूश होते तो भाग निम्म्याहून कमी होता, मोठी गळचेपी या व्हॉल्व्हमध्ये आणि नळीत होती. नळी स्वस्त आहे, घासत बसण्यापेक्षा नवीन कापून लावली, एक एल्बो काढून त्याजागी नळीलाच मोठं वळण दिलं.

साडेआठ सेकंद. ताशी २११८ लिटर, ३७ वॅट. वहीतल्या आकड्याच्या जवळ आलं, आता ताणायचं नाही.

शाफ्टवर थर इतक्या लवकर का बसतो, याचंही उत्तर कपाटात डोकं घातल्यावर दिसलं. बाष्पीभवनाची भर मी चुन्याच्या निवळीने घालते, आणि तिची थेंबनळी पंपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर सुटते. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास. थेंब नीट मिसळायच्या आतच पंप तो ओढून घेतो, आत रोटर कोमट, आणि कार्बोनेटला साका धरायला उंच पीएच आणि ऊब हेच हवं. थेंबनळी आता स्किमरच्या निकासापाशी नेली, संपच्या कप्प्यांमधल्या दोन पडद्यांच्या अलीकडे. तिथून पंपापर्यंत येईतो निवळी पाण्यात विरून जाते.

सोमवार, २८ एप्रिल

आई साताऱ्याहून आली आहे, हॉलमध्ये टाकीसमोरच झोपते. सकाळी चहा घेताना म्हणाली, "अगं, तुझ्या त्या यंत्राला रात्रभर उचकी लागली होती. मध्येच थांबतं, परत सुरू होतं. बघ बाई काय झालंय."

रात्री जागून बसले. खरंच, पंप अधूनमधून दोन-तीन सेकंद बंद पडतो, मग मंद सुरू होऊन हळूहळू वेग धरतो. दिवसाही होत असणार, पण पंखा आणि रस्ता यांच्या आवाजात कळत नाही.

इथे लोक लगेच व्होल्टेजवर घसरतात. आमच्याकडे संध्याकाळी २१० पर्यंत उतरतं आणि मध्यरात्री २४५ ला जातं हे खरंय. पण पंपाचा अडॅप्टर १०० ते २४० चा आहे, आतला पुरवठा स्वतःच सावरून घेतो. म्हणून भिंतीचं सोडलं आणि मीटर २४ व्होल्टच्या बाजूला लावला. अडॅप्टरच्या पिनेवर, पंप सुटा असताना २४.१. मग पंप सातव्या पायरीवर चालू ठेवून कंट्रोलरच्या आत मोजलं : २१.६.

अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरतायत. दीड अँपिअरला अडीच व्होल्ट म्हणजे पावणेचार वॅट उष्णता, तीही एवढ्याशा जागेत. बोटाने वायर चाचपत गेले आणि अडॅप्टरची गोल पिन जिथे कंट्रोलरमध्ये घुसते तिथे चटका बसावा इतकं गरम लागलं. ओढून काढली : पितळेवर हिरवा गंज, भोवती मिठाची बारीक पांढरी बुरशीसारखी साय. कंट्रोलर मी कपाटात आतल्या भिंतीला लावलेला, स्किमरच्या वर. स्किमरच्या कपातून फुटणाऱ्या बुडबुड्यांचे तुषार वर येतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून परत ओलं होतं.

उचकीचं कारणही यातच आहे. कंट्रोलर वेग टिकवायला धडपडतो, व्होल्टेज पडलं की जास्त करंट ओढतो, जास्त करंटने त्या गंजलेल्या पिनेवर आणखी व्होल्टेज पडतं, आणि एका टप्प्याला त्याची कमी व्होल्टेजची मर्यादा येऊन तो स्वतःला बंद करतो. बंद झाल्यावर व्होल्टेज परत २४. मग पुन्हा सुरू.

पिन व्हिनेगरने पुसून, सुकवून आजची रात्र काढते. पायरी सातवरून पाचवर आणली, करंट कमी राहील.

शनिवार, ३ मे

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानदाराला म्हटलं, २४ व्होल्टच्या अडॅप्टरची गोल पिन आणि तिचं सॉकेट हवंय. त्याने मान वर न करता विचारलं, "ताई, साडेपाच बाय दोन पॉइंट एक, का दोन पॉइंट पाच?" मला ठाऊक नव्हतं, म्हणून कापलेली जुनी पिन पुढे केली. त्याने सॉकेटमध्ये घालून हलवून दाखवली. बाहेरचा व्यास दोन्हींचा साडेपाच मिलिमीटरच असतो, आतल्या भोकात फरक. माझ्या अडॅप्टरची पिन अडीचची, कंट्रोलरचं सॉकेट २.१ चं. बसते, चालतेही, पण आतला दांडा सैल राहतो आणि संपर्क एका बाजूने कसाबसा. मिठाने फक्त सैल पडलेल्या जागेचा फायदा घेतला. अडॅप्टर मूळचा जळाल्यावर बाजारातून दुसरा आणला होता, तो फरक तिथून आला.

गोल पिन काढूनच टाकली. त्याऐवजी स्क्रूने आवळायचा दोन तारांचा कनेक्टर, डाख देऊन, वर आकुंचन पावणारी नळी, तोंडाशी सिलिकॉन ग्रीस. कंट्रोलर कपाटाच्या बाहेर, बाजूच्या फळीवर नेला. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर आणली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

चालू पंपाला कंट्रोलरमध्ये आता २३.८. परत सातवी पायरी. आई म्हणते, झोप लागली.

रविवार, ४ मे

एसी वेव्हमेकर खोलला. हे जुनं एसी यंत्र फार साधं असतं : एक गुंडाळी, एक चुंबकी रोटर, बाकी काही नाही. ५० हर्ट्झवर रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, व्होल्टेज २१० असो की २४०. फिरेल तर त्याच वेगाने, नाहीतर फिरणारच नाही. म्हणून एसी वेव्हमेकर "हळू चालतोय" असं वाटलं तर शंका मोटरवर घ्यायची नाही, पंख्यावरचं शेवाळ आणि समोरची जाळी पाहायची.

सुरू होताना मात्र तो नशिबावर असतो. एकफेजी चुंबकी मोटरला दिशा कळत नाही, पहिला झटका कुठल्याही बाजूला बसू शकतो. म्हणून पंखा रोटरला घट्ट जोडलेला नसतो, मध्ये थोडी मोकळी चाल ठेवलेली असते : रोटर आधी रिकामाच सुटतो, वेग घेतो, मग खुंटीला आपटून पंख्याला सोबत ओढतो. उलटी दिशा धरली तर खुंटीवरून मागे फेकला जाऊन परत प्रयत्न करतो. सुरुवातीचा खडखडाट तो हाच. माझ्यात ती मोकळी चाल कोरलाइन शेवाळाच्या गुलाबी थराने बुजली होती, रोटरला पंख्यासकट उठावं लागत होतं आणि तेवढा जोर त्याच्यात नाही. त्यामुळे गुणगुण. व्हिनेगरमध्ये बुडवून थर काढला, टोकाची रबरी बूच झिजली होती ती बदलली. खटकन सुरू होतो.

घरच्या इन्व्हर्टरवरही लावून पाहिला. आमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा. डीसी पंपांना काही फरक पडत नाही, अडॅप्टर सगळं पचवतो. एसी वेव्हमेकर मात्र घरघरतो आणि थोड्या वेळात अंग तापतं. त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवणार नाही.

रविवार, ११ मे

दुपारी अख्ख्या फ्लॅटची वीज गेली. जिन्यात दिवे चालू, म्हणजे आमचाच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) पडलेला. वर केला, परत पडला. टाकीचा बोर्ड बंद करून वर केला, राहिला. म्हणजे गळती टाकीत.

सगळे प्लग काढून एकेक लावत गेले. चौथ्याला, एसी वेव्हमेकरला, खटका पडला. काचेच्या काठावरून त्याची वायर जिथे वळते तिथे वरचं आवरण कडक होऊन केसासारखी चीर गेली होती, आणि बरोबर तिथेच मिठाचा पांढरा ओघळ. दुरुस्ती नाही. पाण्यात बुडणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरला टेप लावणं हा पर्याय मी मानतच नाही. भंगारात.

मागे टाकीच्या पाण्यात मीटरची एक सुई आणि अर्थिंगला दुसरी लावून मोजलं होतं तेव्हा ३८ व्होल्ट दिसले होते. तो आकडा एकटा पाहून घाबरायचं कारण नसतं : चांगल्या एसी पंपाची गुंडाळीही पाण्यात थोडं व्होल्टेज उमटवते आणि डिजिटल मीटर इतका संवेदनशील की तो ते दाखवतो. त्यामागे करंट नगण्य असतो. खरा निवाडा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीच करतो. बोटाला चीर असताना पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर मात्र मीटरच्या भानगडीत न पडता सगळं बंद करायचं.

इलेक्ट्रिशियन दादांना बोलावून टाकीसाठी दोन वेगळे आरसीसीबी घालून घेतले. एकावर रिटर्न आणि स्किमर, दुसऱ्यावर वेव्हमेकर आणि पंखे. एकच असता तर आपण गावाला असताना एका फुटक्या वायरपायी सगळं बंद पडलं असतं. ते म्हणाले, "मासे आहेत का तेवढे?" खर्चाचा हिशेब मी आईसमोर केला नाही.

मंगळवार, २० मे

संध्याकाळी वादळी पाऊस, वीज गेली ती मध्यरात्रीपर्यंत. डावीकडे आता नवा डीसी वेव्हमेकर आहे. दोन्ही वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, दोन्ही मिळून २० वॅटही नाहीत. रिटर्न मुद्दाम बंद ठेवला. त्याचे ३७ वॅट बॅटरी दुपटीहून जास्त वेगाने संपवतात, आणि माशांना त्या वेळी हवा असतो तो फक्त ऑक्सिजन. एका वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलं, पाणी खळखळलं पाहिजे.

उन्हाळ्यात पाणी तापल्याने ऑक्सिजन संपतो असं सगळे म्हणतात. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना तो लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना ६.२. फरक आहे, पण मासे मरावेत एवढा नाही. मासे मरतात ते पृष्ठभाग स्थिर झाल्यामुळे, कारण खाल्लेला ऑक्सिजन भरून येत नाही, आणि उबेमुळे सगळ्यांचा श्वासही वाढलेला असतो. त्यामुळे वीज गेल्यावर बर्फाच्या बाटल्यांआधी पृष्ठभाग.

क्लाउनफिश शांत होते. वीज आल्यावर रिटर्न आपोआप सुरू झाला, संप वरच्या रेघेवरच होता, स्किमरने फेस फेकला नाही.

रविवार, १ जून

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. कोरड्या उकाड्यात, पंखे पाण्यावर सोडलेले असताना, रोज पाच लिटर उडत होते. आता दीड-दोन. याचा पंपाशी संबंध असा की निवळी भर म्हणूनच पडते : पाणी कमी उडालं की निवळीही कमी पडते. क्षारता ८.४ वरून ७.६ वर आली आहे. निवळीवर विसंबून राहता येणार नाही, बेकिंग सोड्याच्या द्रावणाची जोड द्यावी लागेल, तीही स्किमरपाशीच.

एप्रिलमध्ये एकदा-दोनदा पंपातून बारीक बुडबुड्यांचे ढग येत होते, तेही याच बाष्पीभवनाचं. रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी उतरून पंपाच्या तोंडाशी भोवरा व्हायचा आणि त्यातून हवा जायची. पाण्याची भर सुरू करणारा फ्लोट स्विच दोन सेंटिमीटर वर घेतल्यापासून नाही.

दोन्ही वेव्हमेकर समोरासमोर होते, ते बदलले. समोरासमोर लावले की मधोमध लाटा एकमेकींना मारतात आणि मागचे कोपरे तसेच राहतात. आता डावा मागच्या काचेला समांतर, उजवा पुढच्या काचेला समांतर, पाणी गोल फिरतं. दगडामागे ड्रॉपरने चिमूटभर कोरलचं खाद्य सोडून पाहिलं, कुठेही थांबलं नाही, पूर्ण फेरी मारून ओव्हरफ्लोच्या दातांतून खाली गेलं. उजवीकडचा लेदर मात्र थेट धारेत येतो, एका बाजूला दुमडलाय. वेव्हमेकर दहा अंश वर वळवलाय, आठवडाभर बघू.

आजचं माप : रिटर्न साडेआठ सेकंद, ३७ वॅट, कंट्रोलरमध्ये २३.८ व्होल्ट. स्टार पॉलिपची साय कडेपर्यंत हिरवी.

वहीत पुढचं : दर रविवारी सायफनची भोकं आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण. महिन्याच्या पहिल्या रविवारी भांडं आणि वॅटमीटर. दहा सेकंदांच्या वर गेलं तर नळी आधी, पंप नंतर. रिटर्नसाठी एक जादा शाफ्ट मागवलाय, तो यायचाय.